थोरल्या लेकीच्या बाजूने

लोकमान्य टिळकांची थोरली मुलगी नाशिकला दिली होती, हे खुद्द नाशिककरांनाही पुष्कळदा माहीत नसतं. कृष्णाबाई केतकर हे तिचं सासरचं नाव. यजमान विश्वनाथ गंगाधर केतकर, नाशिकचे वकील. १ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, मला शाळांमधून आणि महिला मंडळांमधून बोलायला बोलावतात. शेंगांची टरफलं, मंडाले, सिंहगर्जना हे सगळं सांगून सांगून मलाच कंटाळा आला, तेव्हापासून मी या लेकीविषयी बोलायला लागले. मग एक नवाच अनुभव आला. व्याख्यान संपलं की बायका जवळ येतात, पिशवीतून एखादा पिवळा पडलेला फोटो काढतात आणि विचारतात, "ताई, आमच्या आजेसासूबद्दल असं काही लिहायचं तर कुठून सुरुवात करू?"

त्यांना जे तोंडी सांगत आले, तेच इथे आकडे घालून लिहिते. मोठ्या माणसाच्या मुलीचं चरित्र असो की घरातल्या आजीचं, वाट बरीचशी एकच आहे.

१. आधी आडनाव बदला

चरित्रग्रंथाच्या सूचीत 'टिळक' खाली लेक शोधत बसू नका. टिळकांच्या तीन मुली सासरी गेल्यावर केतकर, वैद्य आणि साने झाल्या. पुस्तकाच्या मागच्या पानांवर ही तीन आडनावं बघा, म्हणजे हाताला काही लागेल.

कोकणस्थांच्या घराण्यांचे कुलवृत्तांत नावाचे जाडजूड ग्रंथ असतात. त्यात पुरुषांचं शिक्षण, नोकरी, जमीनजुमला, कुठे स्थायिक झाले, सगळं येतं. मुलींची बोळवण मात्र एका ओळीत: कन्या अमुक, सासर तमुक. तिथे तिची रेघ थांबते. पुढचा भाग सासरच्या कुलवृत्तांतात 'पत्नी' म्हणून सापडतो, तोही बदललेल्या नावाने. म्हणून दोन्ही ग्रंथ टेबलावर शेजारी शेजारी उघडे ठेवावे लागतात. खुद्द टिळकांच्या पत्नी माहेरच्या तापी. दापोलीजवळच्या लाडघर गावच्या बाळांची ही मुलगी टिळकांच्या घरात सत्यभामा झाली. हे ठाऊक नसेल तर एकाच बाईच्या दोन बायका होतात आणि आपण दोघींनाही हरवून बसतो.

नाशिकमध्ये आणखी एक सोय आहे, ती म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गोदावरीवर यात्रेला, श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला आलेल्या घराण्यांच्या नोंदी त्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या घराण्याचं पान मी रामकुंडापासून जवळच राहणाऱ्या आमच्या उपाध्यांकडे पाहिलं. लाल फडक्यात बांधलेली लांबट वही, कडा खाल्लेल्या, अक्षर मोडी. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, त्याखाली त्यांची सही. आणि सहीच्या बाजूला 'सोबत मातोश्री व भार्या'. मातोश्रींना नाव होतं, उपाध्यांनी ते विचारलंही असेल, शाई मात्र तेवढ्यासाठी खर्च झाली नाही. तरीही अशा पानावरून कोण कुणासोबत कधी नाशिकला आलं ते कळतं, आणि चरित्राला तेवढाही धागा पुरतो.

२. घरची तारीखवार लावा

राष्ट्राच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात. लेकीच्या चरित्राला लागतात त्या घरच्या तारखा. मी एका मोठ्या कागदावर उभी रेघ मारली, डावीकडे टिळकांचं सार्वजनिक आयुष्य लिहिलं आणि उजवीकडे घर.

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणाच्या बदनामी खटल्यात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहाचं ग्रामण्य उभं राहिलं. इतिहासाच्या पुस्तकात तो गमतीचा प्रसंग म्हणून येतो. उजव्या रकान्यात तो मुळीच गमतीचा नाही. बहिष्कार म्हणजे घरच्या मंगलकार्याला भटजी मिळेना, आचारी मिळेना. मुंजी-लग्नाच्या वयाची मुलं असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे ज्या बाईने एकदा तरी कार्य काढलंय तिला सांगायला नको. वादात बाजी मारणारे वेगळे आणि आचारी शोधत फिरणारे वेगळे.

पुढे १८९७ ला राजद्रोहाची पहिली शिक्षा, वर्षभराने सुटका. १९०३ ला प्लेगने थोरला मुलगा विश्वनाथ गेला, म्हणजे कृष्णाबाईंचा पाठचा भाऊ. १९०८ च्या जूनमध्ये अटक, जुलैत सहा वर्षांची शिक्षा आणि मंडाले. ७ जून १९१२ ला पुण्यात सत्यभामाबाई गेल्या, तेव्हा टिळक ब्रह्मदेशातच होते. रामभाऊ आणि श्रीधर ही दोन मुलं अजून शिकत होती. १९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटून आले ते पत्नी नसलेल्या घरात.

असा कागद भिंतीवर लावला की डावीकडे मंडाले म्हणजे 'गीतारहस्य' दिसतं आणि उजवीकडे आई गेलेली, वडील हजार कोसांवर आणि दोन धाकटे भाऊ माहेरी. थोरली लेक म्हणजे काय ते ज्यांना थोरलेपण वाट्याला आलंय त्यांना कळेल.

३. बापाची मतं लेकीच्या माथी मारू नका

टिळक आणि स्त्रीशिक्षण हा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. वस्तुस्थिती लपवण्यात अर्थ नाही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तीच आपली हुजूरपागा. तिथला अभ्यासक्रम आणि दिवसभराची अकरा ते पाच ही वेळ यांवर टिळकांच्या वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली होती. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, ज्याने मुलीचं वय दहावरून बारावर नेलं, त्यालाही त्यांनी कडाडून विरोध केला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८९० मध्ये, सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं म्हणून त्यांनी जी कलमं सुचवली, त्यात मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलग्यांची विसाच्या आत करू नयेत, हुंडा बंद करावा, विधवांचं वपन करू नये अशी कलमं होती. परक्या सरकारने कायदा करायचा नाही, आपण आपल्या मर्जीने करायचं, असा त्यांचा पवित्रा.

माझं मत विचाराल तर हा पवित्रा मुलींना महागात पडला. आपल्या मर्जीने करणारे मोजके निघतात आणि दहा वर्षांच्या पोरीला त्या मर्जीची वाट पाहायला वेळ नसतो. पण हे माझं भांडण टिळकांशी आहे. कृष्णाबाईंना त्या भांडणात साक्षीदार म्हणून उभं करायचं नाही, ना त्यांच्या बाजूने ना विरुद्ध. बाप पुरोगामी म्हणून लेक भाग्यवान, बाप सनातनी म्हणून लेक बिचारी, ही दोन्ही वाक्यं आळशी लेखकांची आहेत. सुधारकांच्या घरातही लेकी अबोल राहिल्या आणि कर्मठांच्या घरातून वाचणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, घर एकहाती चालवणाऱ्या बायका निघाल्या.

४. जावई आणि गाव धुंडाळा

लग्नानंतर मुलीचं गाव बदलतं, तसं चरित्राचंही बदललं पाहिजे. कृष्णाबाईंच्या बाबतीत ते गाव माझंच निघालं, हे माझं नशीब.

नाशिक-पुणे हे अंतर आधी समजून घ्या. आजही दोन गावांना जोडणारा सरळ लोहमार्ग नाही, वळसा घालूनच गाडी जाते. तेव्हाही तसंच, नाहीतर सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा सडकेचा रस्ता. नाशिकरोड स्टेशनावर उतरल्यावर गावात यायला ट्राम होती. माहेर 'जवळ' होतं की 'लांब', हे नकाशा बघून ठरवू नका, वेळापत्रक बघून ठरवा.

आणि ते नाशिक कसलं होतं! 'मित्रमेळा' आणि पुढे 'अभिनव भारत' या क्रांतिकारकांच्या संघटनांचं जन्मगाव. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. जॅक्सनच्या निरोपासाठी त्या रात्री लागलेलं नाटक होतं किर्लोस्कर मंडळीचं 'शारदा'. म्हाताऱ्या नवऱ्याला विकल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं नाटक. इतिहासाची पुस्तकं पिस्तुलाचं वर्णन करतात, रंगमंचावरच्या त्या मुलीकडे कुणी बघत नाही. असो.

सांगायचा मुद्दा हा की, राजद्रोहाची शिक्षा भोगत असलेल्या माणसाच्या जावयाने अशा वेळी अशा गावात इंग्रजी कोर्टात वकिली करायची, ही गोष्ट साधी नव्हती. कलेक्टरच्या खुनानंतर पोलिसांच्या यादीत कोण आणि यादीबाहेर कोण, याची कुजबुज गल्लोगल्ली होती. मग काळ पालटला आणि मे १९१७ मध्ये याच नाशकात होमरूल लीगचा पहिला वाढदिवस साजरा झाला, टिळक स्वतः आले आणि बोलले. भाषणाचा मजकूर छापील मिळतो. मी तो वाचते तेव्हा मला व्यासपीठापेक्षा पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था दिसते. हा माझा स्वभाव.

५. आख्यायिका चाळून घ्या

मोठ्या माणसाच्या घरात प्रत्येक वाक्य सुभाषित होतं. मुलाच्या मृत्यूनंतर बाप काय म्हणाला, तार आल्यावर काय म्हणाला, हे दहा पुस्तकांत दहा तऱ्हांनी येतं. आवडलं म्हणून घेऊ नका. मुलींच्या तोंडी घातलेली वाक्यं तर बहुधा नंतरच्या व्याख्यात्यांची असतात.

६. पत्राचा पत्ता वाचा

मंडालेहून टिळकांना महिन्याला एक पत्र लिहिता येई, आणि ते तपासलं जाई. घरची पत्रं बहुतेक भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्या नावे आहेत. प्रेम कुणावर होतं याचा हिशेब त्यावरून मांडू नका. महिन्याला एकच कागद मिळत असेल तर माणूस तो घर चालवणाऱ्याला लिहितो, आणि त्याच कागदात मुलांचा अभ्यास, कोर्टाची कामं, पुस्तकांच्या याद्या, तब्येत, सगळ्यांची विचारपूस कोंबतो. धोंडोपंतांच्या नावचं पत्र सगळ्या घराचं पत्र असतं.

त्या कारागृहातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लिहायला शाई नव्हती, फक्त पेन्सिल. सुटे कागद नव्हते, बांधलेल्या वह्या, पानांवर आकडे घातलेले, म्हणजे पान फाडलं तर कळावं. 'गीतारहस्य' अशा वह्यांत लिहून झालं आणि १९१५ मध्ये छापून आलं. अशा पहाऱ्यात लिहिलेल्या पत्रात लेकीसाठी दोन शब्द असले तर ते दोनच का, असं विचारणं अन्यायाचं आहे. एवढ्या चाळणीतूनही ते दोन शब्द पार झाले, असं वाचा.

७. चरित्र बापाच्या मृत्यूशी थांबवू नका

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टिळकांची सगळी चरित्रं १ ऑगस्ट १९२० ला, मुंबईच्या सरदारगृहात आणि नंतर चौपाटीवर संपतात. लेकीच्या बाजूने बघितलं तर घराची खरी गुंतागुंत तिथून सुरू होते.

तिचा धाकटा भाऊ श्रीधर, घरातला बापू. वडील गेल्यावर 'केसरी'च्या विश्वस्तांशी टिळकांच्या मुलांचा वाद झाला, टिळकांच्या राहत्या गायकवाड वाड्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. श्रीधरपंत डॉ. आंबेडकरांचे स्नेही. १९२७ च्या गणेशोत्सवात त्यांनी अस्पृश्यांचा मेळा गायकवाड वाड्यात आणला, विश्वस्तांच्या नाकावर टिच्चून. ८ एप्रिल १९२८ ला त्याच वाड्यात समाज समता संघाची पुण्यातली शाखा निघाली, आंबेडकर हजर होते, सहभोजन झालं. दीड महिन्यात, २५ मे १९२८ ला, श्रीधरपंतांनी भांबुर्ड्याजवळ रेल्वेखाली आयुष्य संपवलं. जाण्यापूर्वी त्यांनी आंबेडकरांना पत्र लिहिलं होतं. आंबेडकरांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख कुणीही वाचावा, जिव्हाळा म्हणजे काय ते कळतं. पुढे दोन वर्षांनी, २ मार्च १९३० ला, कृष्णाबाईंच्या सासरच्या गावी, नाशिकला, अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पंचवटीतल्या त्या दारापुढे सत्याग्रही बसले होते, तेव्हा श्रीधरपंत हयात असते तर कुठे असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता तिचा मुलगा. गजानन विश्वनाथ केतकर, 'केसरी'चे संपादक, नंतर पुण्याच्या 'तरुण भारत'चे संपादक, गीताजयंतीच्या प्रसारात आयुष्य घातलेले, हिंदुत्ववादी. १२ नोव्हेंबर १९६४ ला पुण्यात गोपाळ गोडसे आणि गांधीखून खटल्यातले इतर सुटून आले म्हणून सत्यविनायकाची पूजा झाली. समारंभाचे अध्यक्ष हेच केतकर. बोलता बोलता ते सांगून गेले की नथुरामच्या मनातला बेत आपल्या कानावर आधीच होता आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत तो मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापर्यंत पोचवला होता. दोन दिवसांत देशभर गदारोळ उठला, संसदेत प्रश्न आले, केतकरांना स्थानबद्ध केलं गेलं. त्यातूनच आधी पाठक आणि मग १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९६९ चा.

एक बाई. पाठचा भाऊ आंबेडकरांचा मित्र, पोटचा मुलगा कपूर आयोगापुढचा साक्षीदार. टिळकांचा वारसा कुणाचा, यावर पुण्यात शंभर वर्षं वाद चालू आहेत. वाद घालणारे सगळे वडिलांच्या नावापासून सुरुवात करतात, म्हणून तो वाद मिटत नाही. लेकीच्या नावापासून सुरुवात केली तर दोन्ही टोकं एकाच घरात, एकाच ओटीवर बसलेली दिसतात. कुठलं टोक खरं टिळकांचं, हे मी ठरवत नाही. श्रीधरपंतांकडे माझा कल आहे, तो लपवतही नाही. पण चरित्रकाराने भाच्याला वगळून मामाचं लिहू नये, आणि मामाला वगळून भाच्याचं तर मुळीच नाही. आपल्याकडे दोन्ही सर्रास होतं.

८. दिवाणखान्यात बसू नका

जुन्या घरात माहितीसाठी गेलात तर यजमान दिवाणखान्यात बसवतात, भिंतीवरच्या तसबिरी दाखवतात आणि पणजोबांबद्दल सांगतात. चहा आला की कप घेऊन सरळ स्वयंपाकघरात जा. "मोठ्या आत्या कुणाकडे राहायच्या? बाळंतपणं कुणी केली? दागिने कुणाकडे गेले?" हे तीन प्रश्न तिथल्या ज्येष्ठ बाईला विचारा. दागिन्यांच्या प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तर मिळतं, आणि त्या उत्तरात निम्मी वंशावळ असते. पुरुषमंडळी मध्येच येऊन दुरुस्ती करतील. त्यांची दुरुस्ती वेगळ्या कागदावर लिहा.

९. तुलना करा, पण बेताने

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या दोन मुली, थोरली काशीबाई, पुढे ढवळे. शिवछत्रपतींची थोरली लेक सखूबाई फलटणच्या निंबाळकरांकडे दिली. अहिल्याबाई होळकरांची मुक्ताबाई फणशांकडे गेली, आणि नवरा वारल्यावर सती गेली. आई एवढी समर्थ, तरी तिला थांबवू शकली नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल बघायला लोक जातात, तिथे मुक्ताबाईचं नाव काढणारा क्वचितच भेटतो. या सगळ्यांना एका माळेत ओवून 'थोरांच्या लेकी' असं पुस्तक काढायचा मोह होतो. करू नका. प्रत्येकीचं सासर वेगळं, काळ वेगळा. एक नीट करा.

१०. शेवटचं, नाशिककरांना

इथे जुनी वकिली घराणी अजून आहेत. माळ्यावर ट्रंका आहेत, त्यात पक्षकारांची पत्रं, लग्नाच्या याद्या, हिशेबाच्या वह्या आणि बायकांनी माहेरी लिहिलेली पोस्टकार्डं आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जातात. यंदा देण्याआधी ट्रंक एकदा उघडा. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा, बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही. मोडी वाचता येत नसेल तर कागद टाकू नका, वाचणारे आहेत. आणि घरात ठेवायला जागा नसेल तर १८४० पासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन दाखवा.